चवथीच्या साफसफाईआधी: घरच्या घरी सफाईची द्रावणं सुरक्षितपणे कशी करायची

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की आमच्या वाड्यावर दर वर्षी त्याच तीन तक्रारी कानावर येतात. "सोडा आणि व्हिनेगर घातलं, फेस मस्त आला, पण डाग जागचा हलला नाही." "लिंबू चोळलं आणि ओट्याच्या कडप्प्यावर पांढरे चट्टे पडले." आणि तिसरी, जिची मला खरी भीती वाटते: "न्हाणीघरात दोन बाटल्या एकत्र ओतल्या आणि घसा असा धरला की दार उघडून बाहेरच पळाले."

या तिघींची चूक मुळात एकच आहे. कृती लक्षात राहते, पण हातातला पदार्थ आम्ल आहे, सोड्याच्या जातीचा आहे की ब्लीच आहे, हे बघितलं जात नाही. शिवाय घरचं आणि नैसर्गिक म्हटलं की ते सुरक्षितच, असं धरलं जातं. लिंबू नैसर्गिक आहे, पण ते संगमरवर खातं. रिठा नैसर्गिक आहे, पण त्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर डोळे उघडवत नाहीत.

खाली दिलेले टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन टप्प्यांत हातात एकही तयार बाटली येत नाही, म्हणून ते सोडून पुढे जायचा मोह होतो. जास्तीत जास्त नुकसान तिथेच होतं.

## टप्पा १: आधी घर बघा

वही घ्या आणि घरभर फिरा. कुठली फरशी, कुठला ओटा, कुठली भांडी, एवढंच लिहायचं. गोव्यातल्या घरांत हे काम जास्त जपून करावं लागतं, कारण आपल्याकडे एकाच घरात पन्नास वर्षांपूर्वीची लादी आणि गेल्या वर्षीची टाइल शेजारी शेजारी असतात.

आम्ल म्हणजे लिंबू, चिंच, सोलं (आमसुलं), बिंबलं (बिलिंबीची आंबट फळं), व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, फळांच्या सालींचं आंबवलेलं पाणी. यांतलं काहीही खालच्या गोष्टींवर लावायचं नाही:

- कडप्पा, शहाबाद, कोटा आणि संगमरवर. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. आम्लाने त्यांचा वरचा थर विरघळतो. पांढरा चट्टा पडतो तो डाग नसतो, दगडच खाल्ला गेलेला असतो. तो पुसून जात नाही, पुन्हा पॉलिश करावं लागतं.
- मोझॅक लादी. तिच्यात संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं.
- लाल सिमेंटची जुनी जमीन, बल्कांवातली (दारापुढच्या ओसरीतली) सिमेंटची बैठक, सिमेंटचं तुळशीवृंदावन.
- चुन्याचा गिलावा आणि चुना काढलेल्या भिंती.
- जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. शिंपला म्हणजे चुनखडीच. ही तावदानं व्हिनेगरने पुसू नका. ओलसर मऊ फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा. एक तावदान बदलायचं म्हटलं तरी आज करणारा माणूस मिळत नाही.

सोड्याच्या जातीचे पदार्थ चालत नाहीत ते ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर (ती काळी पडतात) आणि पॉलिश केलेल्या लाकडावर. आजोबांच्या काळचं शिसवी कपाट असेल तर त्याला सोडाही नको आणि व्हिनेगरही नको. पिळलेलं फडकं आणि मागोमाग कोरडं फडकं, बस.

ग्रॅनाइट आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण त्यावरचं पॉलिश वारंवार आम्ल लावल्याने मंद होतं. रोजच्या पुसण्याला साबणाचं पाणीच वापरा.

तपासणी: दगड कुठला आहे ते कळत नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर जागा निस्तेज दिसली, तर त्या दगडाला आम्ल कायमचं वर्ज्य. वहीत तसं लिहून ठेवा.

पाण्याचीही एक नोंद करा. जांभ्या दगडातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात बऱ्याचदा लोह असतं. न्हाणीघरात नळाखाली तपकिरी, तांबूस ओघळ दिसतात ते गंजाचे असतात. बाजूला 'लोह' असं लिहा. टप्पा ६ मध्ये ही नोंद कामाला येईल.

## टप्पा २: सामान आणि लेबल

घ्यायचं ते एवढंच: भांड्यांचा लिक्विड साबण, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व), पांढरं सिंथेटिक व्हिनेगर, रबरी हातमोजे, दोन-तीन स्प्रेच्या बाटल्या, मोजण्याचा चमचा आणि एक मोजपात्र. स्वयंपाकाचे चमचे परत स्वयंपाकात न्यायचे नाहीत. सफाईचा चमचा वेगळा ठेवा.

माडाच्या सुरेचं व्हिनेगर स्वयंपाकात, सोरपोतेलासारख्या मांसाच्या रश्शासाठी राखून ठेवा. त्याचा आंबटपणा घराघराप्रमाणे बदलतो, त्याला रंग असतो आणि पांढऱ्या फटींत तो रंग बसतो. बाजारातलं पांढरं व्हिनेगर साधारण ४ ते ५ टक्क्यांचं असतं, त्यामुळे माप जमतं.

सोड्याच्या नावांनी सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून ते नीट वाचा.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. सौम्य असतो, हाताला फारसा लागत नाही. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो बराच तीव्र असतो, तेलकटपणा उत्तम काढतो, पण हातांची साल कोरडी पडते. मोज्यांशिवाय हात घालू नका. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तो पाण्यात पडताच पाणी तापतं, कातडी भाजते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. घरच्या सफाईत त्याला जागाच नाही. घरी साबण करायचा म्हणून कोणी आणून ठेवला असेल तर तो या सामानाच्या कपाटात नको.

⚠ सुट्टा, पुडीत बांधलेला, नाव नसलेला 'सोडा' विकत घेऊ नका. दुकानदाराने 'सफाईचा सोडा' म्हटलं तर कुठला, ते विचारा. छापील नाव असलेलं पाकीटच घ्या.

आता लेबल. द्रावण करण्याच्या आधी लेबल तयार पाहिजे. "नंतर लावते" म्हटलेलं लेबल कधीच लागत नाही. मार्करने लिहा: काय आहे, कशासाठी, कुठे लावायचं नाही, तारीख. वर चिकटपट्टी लावा, नाही तर पावसाळ्याच्या दमट हवेत आणि ओल्या हातांनी अक्षरं पुसून जातात. आमच्याकडे आम्लाच्या बाटलीला लाल पट्टी आणि साबण-सोड्याच्या बाटलीला निळी पट्टी असते. घरातल्या म्हाताऱ्यांना वाचता नाही आलं तरी रंग कळतो.

⚠ पिण्याच्या पाण्याची, सरबताची किंवा फेणीची रिकामी बाटली वापरायची नाही. फेणी रंगहीन, व्हिनेगर रंगहीन, सायट्रिकचं पाणीही रंगहीन. रात्री तहानलेलं मूल किंवा घरी आलेला पाहुणा बाटलीच्या आकारावर विश्वास ठेवतो.

## टप्पा ३: या जोड्या कधीही एकत्र करायच्या नाहीत

हा टप्पा मोठ्याने वाचा, घरात कामाला येणाऱ्या बाईलाही वाचून दाखवा. बऱ्याचदा बाटल्या तिच्या हातात असतात आणि तिला कोणी काही सांगितलेलं नसतं.

ब्लीच आणि कुठलंही आम्ल. यातून क्लोरीन वायू सुटतो. संडासाच्या क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणून 'क्लीनर टाकलं, वर थोडं ब्लीचही टाकलं' हा आपल्याकडचा नेहमीचा अपघात. पण लिंबू, व्हिनेगर, सोलांचं पाणी आणि सालींचं आंबवलेलं पाणी हीही आम्लंच आहेत. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. खाली बसून संडास घासणाऱ्या माणसाला तो आधी लागतो, आणि आपल्या न्हाणीघरांची खिडकी नेमकी छताजवळ असते.

ब्लीच आणि अमोनिया. काच पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. यातून क्लोरामाइन नावाचे वायू निघतात, तेही छातीला लागतात.

ब्लीच आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर. यातूनही विषारी पदार्थ तयार होतात.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच बाटलीत. पेरासेटिक आम्ल तयार होतं, ते डोळे, घसा आणि कातडी जाळतं.

आणि आता ज्या जोड्यांनी जीवाला धोका नाही, पण माल वाया जातो त्या. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. फेस बसल्यावर उरतं ते पाणी आणि त्यात विरघळलेलं थोडं सोडियम ॲसिटेट. आम्लही संपलं आणि सोडाही संपला. अशी बाटली भरून ठेवणं म्हणजे जवळपास नुसतं पाणी भरून ठेवणं. झाकण घट्ट लावलं तर ती फुगून फुटते, ते वेगळंच. किसलेला अंगाचा किंवा कपड्यांचा साबण आणि व्हिनेगर एकत्र केले तर साबण फाटतो, दुधासारख्या गुठळ्या होतात आणि फरशीवर चिकट थर बसतो.

दोन्ही हवे असतील तर एकामागून एक वापरा, आणि मध्ये भरपूर पाणी. सगळ्या सफाईचा क्रमही तोच आहे: कोरडी धूळ, मग तेलकटपणा, मग पाणी, मग क्षार किंवा गंज, मग पुन्हा पाणी, शेवटी कोरडं फडकं. तेलाचा थर तसाच ठेवून वर आम्ल लावलं तर ते क्षारापर्यंत पोचतच नाही.

## टप्पा ४: साबणाचं पाणी, रोजच्या कामाला

१ लिटर पाण्यात १ छोटा चमचा (५ मिली) भांड्यांचा लिक्विड साबण. एवढंच. आधी पाणी, मग साबण, म्हणजे बाटलीभर फेस होत नाही. ओटा, टाइल, दारं, फ्रिज, प्लास्टिकच्या खुर्च्या, कडप्पा, मोझॅक, सगळ्यांना चालतं.

नेहमीची चूक म्हणजे साबण जास्त घालणं. जास्त साबणाने जास्त स्वच्छ होत नाही. थर राहतो, त्यावर धूळ धरते आणि पावसाळ्यात फरशी घसरडी होते. पुसल्यावर पाय चिकटत असेल तर पुढच्या वेळी माप निम्मं करा आणि साध्या पाण्याने एकदा पुसून घ्या.

## टप्पा ५: सोडा, तेलकट ओट्यासाठी

खोबऱ्याच्या वाटणाची फोडणी आणि मासळी तळणं, यामुळे शेगडीमागच्या टाइलवर जो पिवळा चिकट थर बसतो, त्यावर साबणाचं पाणी पुरत नाही.

1. हातमोजे घाला. खिडकी उघडा. शेगडी थंड आणि सिलिंडरची चावी बंद आहे ना, पाहा.
2. १ लिटर कोमट पाण्यात १ मोठा चमचा धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवा. मग लिक्विड साबणाचे पाच-सहा थेंब.
3. फडक्याने लावा. स्प्रे करू नका, तुषार नाकात जातात.
4. दहा मिनिटं थांबा. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि घासायला सुरुवात होते. सोड्याला तेल सोडवायला वेळ लागतो. थांबलात तर हाताला निम्मे कष्ट.
5. पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा.

करपलेल्या स्टीलच्या टोपाला खाण्याच्या सोड्याची पेस्ट करा: तीन भाग सोडा, एक भाग पाणी. लावून अर्धा तास ठेवा आणि सोडणाने, म्हणजे नारळाच्या सुक्या काथ्याने, घासा. नॉनस्टिकला सोडण लावू नका.

तपासणी: पुसलेल्या जागेवर हातमोजा काढून बोट फिरवा. बोट निसरडं वाटलं तर सोडा उरलाय, अजून एकदा पाणी मारा.

## टप्पा ६: सायट्रिकचं पाणी, क्षार आणि गंजासाठी

१ लिटर पाण्यात २ मोठे चमचे सायट्रिक ॲसिड. लाल पट्टी.

नळावर पांढरा क्षार चढला असेल तर या पाण्यात बुडवलेलं फडकं नळाला गुंडाळा, २० मिनिटांनी काढा, जुन्या टूथब्रशने घासा, धुवा. रात्रभर गुंडाळून ठेवू नका, क्रोमचा मुलामा मंद पडतो. पाणी तापवायच्या इलेक्ट्रिक केटलमध्ये १ मोठा चमचा सायट्रिक आणि भांडंभर पाणी गरम करा, बंद करून २० मिनिटं ठेवा, ओता, मग दोनदा साधं पाणी उकळून टाका.

आता टप्पा १ मधली 'लोह' ही नोंद काढा. विहिरीच्या पाण्याचे तपकिरी ओघळ दिसले की लोक ब्लीच ओततात. ब्लीचने गंजाचा डाग जात नाही, उलट तो पक्का होतो. तिथे सायट्रिकच लागतं, कारण ते लोहाला धरून पाण्यात ओढून आणतं. आधी साबणाने धुवा, पाण्याने साफ करा, मग सायट्रिकचं पाणी लावून १५ मिनिटं थांबा, घासा, धुवा. जुना डाग असेल तर दोन-तीन वेळा करावं लागेल. टाइलमधल्या फटी सिमेंटच्या असतात, म्हणून लावण्याआधी त्या साध्या पाण्याने भिजवून घ्या आणि १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवू नका.

⚠ त्या जागी आधी कधीही ब्लीच ओतलं असेल तर त्या दिवशी सायट्रिक लावू नका. भरपूर पाण्याने धुऊन दुसऱ्या दिवशी लावा.

## टप्पा ७: समई, निरांजन, तांब्याची घागर

इथे चिंच, सोलं किंवा बिंबलं यांना तोड नाही, पण क्रम चुकला की पितळ गुलाबी पडतं.

समईवर आधी तेलाचा थर असतो. गरम साबणाच्या पाण्यात १५ मिनिटं भिजवा, वातीची काजळी काडीने काढा, धुवा. तेल गेल्याशिवाय चिंच लावणं फुकट आहे. मग अर्धी वाटी चिंचेच्या कोळात १ छोटा चमचा मीठ घालून चोळा, फार तर दोन-तीन मिनिटं. लगेच धुवा. मग पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून त्यात एकदा खळबळा, म्हणजे कोनाकोपऱ्यांत अडकलेला आंबटपणा संपतो. पुन्हा साधं पाणी. लगेच सुक्या फडक्याने पुसा आणि उन्हात ठेवा.

बायका चिंच लावून समई बाजूला ठेवतात आणि दुसऱ्या कामाला लागतात, ही इथली मोठी चूक. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ल जास्त वेळ राहिलं तर वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांब्याचा गुलाबी रंग दिसू लागतो. आणि न पुसता ठेवलेली समई दोन दिवसांत पुन्हा काळपट होते, मग चिंचेला दोष दिला जातो.

कल्हई केलेल्या भांड्यांना आतून चिंच लावू नका. बाहेरून लावा, आतून साबण.

## टप्पा ८: रिठ्याचं पाणी

बिया काढलेली रिठ्याची ५० ग्रॅम सालं १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर १५ ते २० मिनिटं उकळा, थंड झाल्यावर कुस्करा, सुती कापडातून गाळा. चांदी, रेशमी साडी, दागिने, फरशी, सगळ्याला चालतं. आपल्या हवेत बाहेर ठेवलं तर दोन दिवसांत आंबतं. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून लागेल तेवढे खडे काढा. आंबूस वास आला की फेकून द्या.

⚠ उरलेलं पाणी तळीत, विहिरीच्या काठावर किंवा ओहोळात ओतू नका. रिठ्यातल्या फेस करणाऱ्या द्रव्याने मासे मरतात.

## टप्पा ९: फळांच्या सालींचं पाणी, ज्याला तीन महिने लागतात

लोक याला बायोएन्झाइम म्हणतात. करायला सोपं, पण बाटली फुटल्याच्या तक्रारी याच्याच सर्वांत जास्त. माप एक-तीन-दहा: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी.

1. चवथ ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये येते. तीन महिने मागे मोजा, म्हणजे मेमध्ये सुरुवात करावी लागते.
2. मोसंबी, संत्रं, लिंबू, अननस यांच्या साली घ्या. कुजलेल्या, बुरशी आलेल्या साली घेऊ नका. आंब्याच्या सालींना गर चिकटलेला असतो, त्या लवकर सडतात.
3. प्लास्टिकची दोन लिटरची, रुंद तोंडाची बाटली. काचेची नाही. गूळ पाण्यात विरघळवा, साली घाला, वर चतुर्थांश भाग रिकामा ठेवा.
4. पहिला महिना रोज झाकण हळू सैल करून वायू सोडा आणि लगेच बंद करा. मे महिन्याच्या उकाड्यात आंबणं जोरात होतं, एक दिवस चुकला तरी बाटली फुगते. गावी जाणार असाल तर झाकण किंचित सैल ठेवून जा.
5. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा. उन्हात ठेवू नका.
6. ९० दिवसांनी गाळा. चोथा झाडांच्या बुंध्यापासून जरा दूर मातीत पुरा.

तपासणी: वर पांढरट पातळ साय आली तर घाबरू नका. काळी, हिरवी किंवा केसाळ बुरशी आली, किंवा आंबट-गोड वासाऐवजी सडका वास आला, तर सगळं फेकून नव्याने करा. गूळ वाचवायच्या नादात खराब बाटली वाचवू नका.

वापरताना एक भाग हे पाणी आणि दहा भाग साधं पाणी. हे आम्ल आहे, म्हणून टप्पा १ मधली यादी इथेही लागू, आणि ब्लीचजवळ याला न्यायचंच नाही. गुळाचा अंश उरला असेल तर मुंग्या येतात, तेव्हा मागून साध्या पाण्याने पुसा. हे जंतू मारतं असं धरून आजाऱ्याच्या खोलीत वापरू नका. ते घाण सैल करतं, तेवढंच काम त्याला द्या.

## टप्पा १०: पावसाळ्यातली बुरशी

सगळे जण इथे सुक्या ब्रशने सुरुवात करतात. सुकी बुरशी घासली की तिचे कण खोलीभर उडतात आणि तेच श्वासात जातात. दमा असलेल्या माणसाला आणि लहान मुलांना आधी दुसऱ्या खोलीत पाठवा. तोंडाला मास्क, हातांत मोजे, खिडक्या उघड्या.

ओल कुठून येते ते आधी शोधा. कौल सरकलंय, पन्हळ तुंबलीय, की भिंतीला बाहेरून झाडी टेकलीय? ओल चालू असेपर्यंत कितीही पुसलं तरी पंधरा दिवसांत काळे ठिपके परत येतात.

टाइल आणि काचेवर पांढरं व्हिनेगर पाणी न घालता फडक्याने लावा, तासभर ठेवा, पुसा, धुवा. रंग दिलेल्या भिंतीवर साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा, पाणी थोडं आणि फडकं सतत बदलत. चुन्याच्या भिंतीवर व्हिनेगर नाही. ती सुकू द्या, मग ओलसर फडक्याने पुसा आणि पाऊस संपल्यावर पुन्हा चुना काढा. भिंतीवर ब्लीच मारल्याने डाग पांढरा दिसतो, आत मुरलेली बुरशी तशीच राहते.

लाकडी कपाटातलं सगळं सामान काढा, साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, दारं उघडी ठेवून पंखा लावा. सामान परत भरायची घाई करू नका. भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ओढून ठेवा.

बुरशीचा पट्टा साधारण एक मीटर लांब-रुंद असेल किंवा छताचं लाकूड मऊ लागत असेल, तर हे घरगुती काम राहिलेलं नाही. जाणकार माणूस बोलवा.

डांबर गोळ्यांबद्दल एक सांगते: लहान मुलांचे कपडे ठेवता त्या कपाटात त्या नकोत. गोळी गिळली तर विषबाधा होते, आणि काही बाळांच्या रक्तात जन्मजात असा दोष असतो की नुसत्या वाफेनेही त्यांना त्रास होतो.

## टप्पा ११: घरचं द्रावण कुठे पुरत नाही

घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील, किंवा कच्ची मासळी, कोंबडी कापायचा बोर्ड असेल, तर लिंबू, व्हिनेगर, रिठा यांवर अवलंबून राहू नका. फेणीवरही नाही. जंतू मारायला साधारण ६० ते ७० टक्के अल्कोहोल लागतं, फेणीत ४२ ते ४५ टक्के असतं, हुर्राकात, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत, त्याहून कमी.

इथे ब्लीच वापरा, पण मोजून. बाटलीवर टक्केवारी बघा. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर संडास आणि फरशीसाठी १ लिटर थंड पाण्यात २० मिली. मासळीच्या बोर्डसाठी १ लिटरमध्ये फक्त ५ मिली. आधी साबणाने धुवा, साबण पूर्ण काढा, मग हे पाणी लावा. फरशीवर दहा मिनिटं, बोर्डवर दोन-तीन मिनिटं, मग धुऊन वाळवा. घाणीवरच ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्च होतं. केलेलं पाणी २४ तासांत टाकून द्या. मूळ बाटलीही उकाड्यात हळूहळू कमजोर होते, म्हणून तारीख बघूनच घ्या आणि मोठा कॅन भरून ठेवू नका. स्टीलचं सिंक असेल तर लगेच धुवा, ब्लीचने त्याला बारीक खड्डे पडतात.

## टप्पा १२: काही चुकलं तर

हा कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवा.

वास डोक्यात गेला, खोकला आला: जे हातात असेल ते टाकून बाहेर या. दार उघडं ठेवा. पाणी ओतायला, बाटली उचलायला परत आत जाऊ नका. मोकळ्या हवेत बसा. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा. क्लोरीनचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो, म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून घरी बसू नका, दवाखान्यात दाखवा.

डोळ्यात उडालं: वाहत्या साध्या पाण्याखाली डोळा उघडा धरून १५ ते २० मिनिटं धुवा. घड्याळ लावून. लेन्स असेल तर काढा. मग डॉक्टर.

कोणी प्यायलं: उलटी करवू नका. जाळणारा पदार्थ वर येताना दुसऱ्यांदा जाळतो. मिठाचं पाणी, लिंबू, काहीही उतारा देऊ नका. तोंड खळखळून धुवायला लावा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात, मग तो जवळचा असो की बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), बाटली लेबलसकट बरोबर न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'काय प्यायलं?' हाच असतो.

कातडीवर सांडलं: कपडा काढा, वाहत्या पाण्याने धुवा. आम्लावर सोडा किंवा सोड्यावर लिंबू चोळू नका.

चवथ झाली की बाटल्या एकदा बघून घ्या. सायट्रिकचं पाणी आणि साबणाचं पाणी महिनाभरात संपवा, त्यात तरंगणारं काही दिसलं की टाका. टाकताना एका वेळी एकच बाटली मोरीत, मागून दोन बादल्या पाणी, आणि दुसरी बाटली दुसऱ्या दिवशी.